चढाला लागलं की ट्रॅक्टर तापतो : उसाच्या डबल ट्रॉलीवरची तपासणी

सपाटीवर तापमानाचा काटा हिरव्यात. चढ लागला की लाल. माथा गाठला की पाच मिनिटांत पुन्हा हिरव्यात. पाणी बघितलं तर भरलेलं, बेल्ट बघितला तर जागेवर. मिस्त्रीच्या दारात नेऊन अर्धा तास चालू ठेवला तरी तिथे काही तापत नाही. मिस्त्री म्हणतो, "गाडी ठीक आहे, लोड कमी भरा." गाळपाच्या हंगामात उसाच्या खेपा मारणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. आमच्याकडे हे दोन हंगाम चाललं.

आमचा भाग पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूचा. ऊस खाली नदीकाठाला आणि डांबरी रस्ता वर. फडातून भरलेल्या दोन ट्रॉल्या निघाल्या की पहिल्याच दोन किलोमीटरला इंजिनाची परीक्षा असते. ट्रॅक्टर ५० एचपीचा, आठ वर्षं वापरलेला, ऑइल वेळेवर बदललेलं. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते तोवर काटा लालच्या अलीकडे थांबायचा. शिवरात्र झाली, ऊन वाढलं, की दर खेपेला वरच्या वळणावर थांबावं लागायचं. मागे चार-पाच गाड्यांची रांग, टोळीवाले ट्रॉलीवर बसलेले, आणि आम्ही बॉनेट उघडून वाफ बघत उभे.

पहिल्या हंगामात रेडिएटर खोलून धुतला. थोडा फरक पडला, पण महिनाभरच. दुसऱ्या हंगामात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून टाकला, तोही अनुभवी माणसाच्या सल्ल्याने. त्यानंतर तापणं वाढलं. मग वॉटर पंप नवा टाकला. तरी फरक शून्य. कारण सापडलं तेव्हा ते शे-पाचशे रुपयांच्या दोन वस्तूंमध्ये निघालं. ते पुढे सांगतो. आधी चढावरच का तापतो ते नीट समजून घेऊ, कारण हे समजलं की निम्मी तपासणी घरबसल्या होते.

चढावर इंजिनावर किती भार येतो

ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन धरा. चांगल्या सपाट रस्त्यावर तासाला ८ किलोमीटरच्या वेगाने हे ओढायला साधारण १२ एचपी पुरतात. आता २० मीटर चाललं की १ मीटर वर चढतो असा रस्ता घ्या. डोळ्यांना हा चढ फार वाटतही नाही. पण २० टन त्याच वेगाने वर उचलायला आणखी ३० एचपी लागतात. म्हणजे झाले ४२. गिअर आणि टायरमध्ये जातं ते वेगळं. ५० एचपीचा ट्रॅक्टर तिथे पूर्ण ताकदीनिशी चाललेला असतो, आणि हे एका मिनिटासाठी नाही, सलग पंधरा मिनिटं.

डिझेल इंजिनात जळलेल्या इंधनाची साधारण एक तृतीयांश ताकद चाकाला मिळते, एक तृतीयांश धुरातून जाते आणि उरलेली पाणी, ऑइल आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. ५० एचपी म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट. इंजिन तेवढं काम करत असेल तर ३० किलोवॅटच्या आसपास उष्णता रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. न्हाणीघरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. असे पंधरा गिझर एकदम चालू आहेत आणि ती सगळी उष्णता समोरच्या जाळीतून काढायची आहे.

त्यात कार-जीपला चालत्या वाऱ्याची मदत असते, ती ट्रॅक्टरला नाही. ८ किलोमीटरच्या वेगाला कसला वारा लागणार? जी हवा जाते ती फॅन ओढेल तेवढीच. वारा पाठीमागून असेल तर तोही आपल्या विरोधात.

म्हणून सपाटीवर न तापणारा आणि चढावर तापणारा ट्रॅक्टर एकच गोष्ट सांगत असतो : थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत जी शिल्लक ताकद हवी ती कुठेतरी झिरपून गेली आहे. सपाटीला अर्ध्या क्षमतेचा रेडिएटरही पुरतो. मिस्त्रीच्या दारात, लोडशिवाय, पाव क्षमतेचाही पुरतो. तिथे तपासून काही सापडत नाही ते यामुळेच.

पार्ट बदलण्याआधी दोन खेपा नुसतं बघा

ड्रायव्हरला सांगून ठेवा किंवा स्वतः बसा. चढ लागल्यापासून काटा हलायला किती वेळ लागला, कुठल्या गिअरात होतो, रेस किती होती, धूर कसला होता, माथ्यावर आल्यावर काटा किती वेळात उतरला, हे सगळं खिशातल्या वहीत लिहा. ही नोंद करायला पैसे लागत नाहीत आणि माझ्या मते तपासणीतला सर्वात मोलाचा भाग हाच आहे.

काटा सावकाश, आठ-दहा मिनिटं घेऊन वर गेला आणि सपाटीला लगेच उतरला, तर बहुधा हवेची बाजू कमी पडतेय : जाळी, फॅन, बेल्ट. पाणी फिरतंय, पण हवा पुरत नाही.

एक-दोन मिनिटांत उसळी मारून वर गेला, तर पाण्याच्या बाजूला संशय घ्या. पाणी कमी आहे, कुठेतरी अडतंय, हवा धरली आहे, किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्या मधली पट्टी) जळलेला वायू पाण्यात शिरतोय.

माथ्यावर आल्यावरही बराच वेळ उतरतच नाही, तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल किंवा पंप पाणी टाकत नसेल.

काटा लालमध्ये होता आणि एकदम खाली पडला, तर हायसं वाटून पुढे जाऊ नका. पाणी इतकं उतरलेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय आणि पाण्याऐवजी वाफ मोजतोय. अशा वेळी दोन मिनिटं ट्रॅक्टर पुढे रेटला तर पिस्टन धरतो.

काटाच खोटं बोलत नाही ना, हेही एकदा बघून घ्या. आजकाल लांबून तापमान दाखवणारी लेझरची छोटी बंदूक हजार-दीड हजारात मिळते. थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे इंजिनातून पाणी बाहेर पडतं तिथे, ती धरा. चकचकीत धातूवर आकडा चुकीचा येतो, म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजा. याच बंदुकीने पुढची मोठी तपासणीही होते. तापलेल्या अवस्थेत थांबलात की रेडिएटरच्या वरच्या टाकीचं आणि खालच्या टाकीचं तापमान घ्या. भरल्या लोडखाली दोन्हीत ढोबळमानाने ६ ते १० अंशांचा फरक असतो. इंजिन तापलेलं आणि फरक जेमतेम दोन-तीन अंश असेल तर हवा उष्णता नेत नाही. उलट इंजिन तापलेलं आणि खालची टाकी वीस-पंचवीस अंशांनी गार असेल, तर पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळतंय. ते पुरेसं फिरतच नाही.

हवेची बाजू : पाचट, धूळ आणि चुकीच्या बाजूने मारलेलं पाणी

उसाच्या ट्रॅक्टरला दहातले बहुतेक त्रास इथेच निघतात, म्हणून सुरुवात इथूनच करावी. फडात पाचट उडतं, वाढ्यांचे बारीक तंतू उडतात, जळीत फड असेल तर राख उडते. हे सगळं समोरच्या जाळीतून आत ओढलं जातं आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत जाऊन बसतं. पुढचं तोंड स्वच्छ दिसतं आणि गाळ आत असतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत बॅटरी रेडिएटरच्या पुढे असते. तिच्या मागच्या फटीत मूठ मूठ पाचट सापडतं आणि तिथे कुणी हातच घालत नाही. बॅटरी काढून बघा.

धुताना आपल्याकडे एक चूक सर्रास होते. ड्रायव्हर पाइप घेतो आणि समोरून जोरात पाणी मारतो. हवा समोरून आत जाते, घाणही समोरून आत गेलेली आहे. समोरून पाणी मारलं की ती आणखी खोल ठासली जाते. पाणी किंवा हवा मारायची ती फॅनच्या बाजूने पुढे, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत गेली पाहिजे. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने जवळून मारलं तर पत्रे आडवे पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. साधा पाइप आणि साबणाचं पाणी पुरतं. पुढच्या बाजूला कुठे ऑइल झिरपत असेल तर त्यावर धूळ बसून त्याची वडी होते. ती सुक्या हवेने निघत नाही, साबणाच्या पाण्यात तासभर भिजवावी लागते, आणि आधी गळती बंद करावी लागते.

धुतल्यावर खात्री कशी करायची? इंजिन चालू ठेवून समोरच्या जाळीवर वहीचा कागद धरा. कागद ओढला जाऊन चिकटला पाहिजे. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवत न्या. जिथे गळून पडतो तिथून हवा जात नाही. हे समोरूनच करायचं, फॅनच्या बाजूला हात न्यायचा नाही, आणि गळ्यात टॉवेल किंवा मफलर ठेवायचा नाही.

बेल्टचं तर काय, आहे म्हणजे चालतोय असं नाही. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. आतल्या कडा आरशासारख्या चकाकत असतील तर तो लोडला घसरतोय, ताणून उपयोग नाही, बदला. फॅनभोवतीचं कडं किंवा कव्हर तुटलं म्हणून कुणी काढून ठेवलंय का तेही बघा. कडं नसलं की फॅन समोरून हवा ओढण्याऐवजी पात्यांच्या टोकांशी तीच गरम हवा घोळवत बसतो. पंप बदलताना फॅन उलटा बसवलेलेही ट्रॅक्टर असतात. उलटा बसला तरी हवा त्याच दिशेने जाते, म्हणून लक्षात येत नाही. फक्त ती फार कमी जाते. पात्यांचा बाक बघून किंवा फॅनवरच्या खुणेवरून ते कळतं.

आमच्या ट्रॅक्टरला यातलं काहीच नव्हतं. कागद चारी बाजूंना चिकटत होता.

ड्रायव्हरचं बोलणं

आमचा ड्रायव्हर एक गोष्ट दोन-तीनदा बोलला होता आणि मी ती सोडून दिली होती. "मालक, बारक्या गिअरात टाकून रेस दिली की जास्तच तापतंय बघा. वरच्या गिअरात रखडत नेलं की जरा बरं असतंय."

नियमाने हे उलटं आहे. फॅन आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. मिनिटाला १३०० फेऱ्यांवर इंजिन घुसमटत, थरथरत ओढत असेल तेव्हा फॅनही १३०० च्याच हिशेबाने हवा ओढतो. एक गिअर उतरवून १९०० वर नेलं की हवा जवळपास दीडपट होते, पाणीही जोरात फिरतं. म्हणून चढाला खालचा गिअर आणि चढती रेस हा सल्ला बरोबरच आहे, आणि नुसतं एवढं करून ज्यांचा काटा खाली येतो त्यांना बाकी काही शोधायची गरजही नसते. ड्रायव्हर लोक डिझेल वाचेल म्हणून वरच्या गिअरात रेटत राहतात, त्यात इंजिनाची बेअरिंगंही खातात.

पण आमच्या ट्रॅक्टरला रेस वाढली की ताप वाढत होता. जी गोष्ट फेऱ्या वाढल्यावर सुधारायला हवी ती बिघडत असेल, तर फेऱ्यांबरोबर बिघडणारं काहीतरी आत आहे. हे माझ्या डोक्यात आलं त्या दिवशी खेप उतरवून ट्रॅक्टर तसाच गरम घरी आणला. संध्याकाळची वेळ होती. चाकांना दगड लावले, न्यूट्रल केला, बॉनेट उघडलं आणि ड्रायव्हरला हाताचा ॲक्सिलरेटर हळूहळू पुढे ढकलायला सांगितलं. मी बाजूला उभा राहून बॅटरीचा झोत खालच्या होज पाइपवर धरला.

१५०० पर्यंत काही नाही. पाइप गोल, जागेवर. १८०० च्या आसपास त्याच्या मधल्या भागाला खळगा पडला, जसे गाल आत ओढून घ्यावेत तसा. २००० ला पाइपाच्या दोन्ही भिंती जवळजवळ एकमेकींना टेकल्या. रेस सोडली की पाइप फुगून पुन्हा गोल. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

खालचा होज म्हणजे रेडिएटरमधून पंपाकडे पाणी ओढून नेणारा. तिथे पंप शोषतो. फेऱ्या वाढल्या की शोषण वाढतं आणि पाइप मऊ असेल तर तो आत ओढला जातो. मूळचा पाइप जाड विणीचा असतो, बऱ्याच ठिकाणी त्याच्या आत स्प्रिंग असते, ती याचसाठी. आमचा पाइप कधीतरी घाईत बाजारातून मीटरवर कापून आणून बसवलेला होता. आत स्प्रिंग नव्हती, आणि गरम झाल्यावर तो सायकलच्या ट्यूबसारखा मऊ पडत होता.

झाकणाचा संबंध

मग गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून हातात घेतलं. खालच्या रबराला टोकदार, कडक कडा आली होती आणि एका बाजूला चीर. झाकण म्हणजे पाणी सांडू नये म्हणून लावलेलं बूच आहे असं आपण धरून चालतो. त्याचं खरं काम दाब धरण्याचं. झाकणावर ०.९ असं लिहिलेलं असेल तर ते ०.९ बारपर्यंत दाब धरतं, आणि त्या दाबाला साधं पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल तर ते १०० ला उकळतं, आणि उंचावर त्याच्याही आधी, दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने कमी. म्हणजे एका फाटक्या रबराने आपली अठरा अंशांची मोकळीक गेली.

आणि दुसरं. यंत्रणेत दाब असला की तो पाइपाला आतून फुगवून धरतो आणि पंपाच्या शोषणाला तोंड देतो. दाब नाही, स्प्रिंग नाही, मऊ पाइप. मिटणारच. थर्मोस्टॅट काढल्यावर तापणं का वाढलं याचाही उलगडा झाला. थर्मोस्टॅट नसला की पाणी अडथळ्याशिवाय धावतं, रेडिएटर ओलांडताना त्याचा दाब जास्त पडतो आणि पंपाच्या तोंडाशी शोषण आणखी वाढतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला आपल्याकडे इतका सर्रास दिला जातो की त्यावर स्पष्ट लिहायला हवं. काढू नका. संशय असेल तर तपासा. भांड्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याला टांगायचा, भांड्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, आणि पाणी तापवायचं. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, बहुधा ८० च्या आसपासचा. त्या तापमानाला तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा, त्याच आकड्याचा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन सकाळी आणि सपाटीला गारच राहतं, काजळी धरतं, डिझेल जास्त पितं, लायनर झिजतात.

होज मिटण्याचे दोन प्रकार असतात, त्यांची गल्लत करू नका. रेस वाढवल्यावर मिटतो तो आमच्यासारखा : मऊ पाइप, झाकण दाब धरत नाही, किंवा रेडिएटरच्या नळ्या क्षाराने तुंबल्या आहेत आणि पंपाला पाणी मिळत नाही. सकाळी गार इंजिनाला मिटलेला दिसतो तो वेगळा. इंजिन गार होताना पाणी आकसतं आणि बाटलीतून परत आत यायला हवं. त्यासाठी झाकणात मधोमध छोटी व्हॉल्व्ह असते. ती अडकली की आत पोकळी तयार होऊन पाइप दबतो. तिथे पाइप निर्दोष असतो, फक्त झाकण बदलायचं.

आम्ही मूळ मापाचा स्प्रिंगवाला होज, दोन नव्या क्लिपा, त्याच दाबाचं झाकण आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटर-इंजिनात भरलेलं विहिरीचं पाणी पूर्ण काढलं. पाणी सोडलं तेव्हा पहिली बादली गढूळ तांबूस आली, तीन वेळा धुतल्यावर स्वच्छ. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. कूलंटचा गारव्याशी संबंध कमी, गंज आणि क्षार रोखण्याशी जास्त. शिवाय निम्मं-निम्मं मिश्रण दाबाशिवायही १०६-१०७ अंशांना उकळतं. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड. तेच वर्षानुवर्षं भरत राहिलं की नळ्यांना आतून चुन्यासारखा थर बसतो आणि मग रेडिएटर बाहेरून कितीही धुवा. भरताना इंजिन मंद चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून, सावकाश भरायचं, म्हणजे आत हवा राहत नाही.

त्यानंतरची पहिली खेप मार्चच्या दुपारी दोनची होती. मुद्दाम तीच वेळ धरली. वरच्या वळणावर काटा हिरव्याच्या वरच्या टोकाला गेला आणि तिथेच थांबला. ड्रायव्हरने न थांबता ट्रॉल्या डांबरी रस्त्याला काढल्या.

हेड गॅस्केट आणि पंप

याची भीती सगळ्यांना असते, कारण खर्च मोठा. पण ओळखणं अवघड नाही. पूर्ण गार इंजिनाचं झाकण काढा, चालू करा आणि तोंडाशी बघत राहा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. थांबतच नाहीत, रेस दिल्यावर वाढतात, तर जळलेला वायू पाण्यात येतोय. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच, पाणी तापायच्या आत, वरचा होज दगडासारखा कडक झाला तरी तोच अर्थ. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये आहे. ट्रॅक्टर तिथेच बंद ठेवा, पुढे चालवू नका. लक्षात घ्या, गॅस्केट जातं ते अनेकदा आधीच्या तापण्याने. म्हणून गॅस्केट बदलून मूळ कारण तसंच सोडलं तर पुढच्या हंगामात पुन्हा तेच.

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत असतील किंवा कूलंटचा वाळलेला ओघळ दिसत असेल तर पंपाचं सील गेलंय. ते भोक एम-सीलने बुजवायचं नसतं. पुली धरून हलवा, खुळखुळ नको.

थंडाव्याची यंत्रणा चांगली असूनही तापत असेल तर

भार किंवा इंधन जास्त आहे. डिझेल पंप "वाढवून" घेतला असेल तर चढावर काळा धूर सोडत ओढतो, ताकद जास्त वाटते आणि उष्णताही तितकीच जास्त तयार होते. रेडिएटर मात्र कंपनीच्या हिशेबाचाच असतो. एअर फिल्टर तुंबला असेल तरी काळा धूर येतो. तो आधी बघा, पंपाला हात नंतर. सपाटीला दोन किलोमीटर ब्रेक न मारता चालवून थांबा आणि चाकांच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच हब चटका देत असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंग गेलंय. ट्रॉलीच्या टायरात हवा कमी असेल तर तेवढ्यानेही ओढ बरीच वाढते.

ट्रॉलीत किती भरायचं हा मुद्दाही टाळता येत नाही. तापणं हा त्यातला लहान भाग आहे. जे इंजिन २० टन वर नेताना थकतं, त्याच ट्रॅक्टरच्या ब्रेकला तेच २० टन खाली उतरताना थोपवायचे असतात.

चढावरच काटा लालमध्ये गेला तर

रुंद जागा बघून थांबा. ब्रेकवर विश्वास ठेवू नका, आधी दोन्ही ट्रॉल्यांच्या मागच्या चाकांना मोठे दगड लावून घ्या, मग ट्रॅक्टरला. वाफ येत नसेल आणि पाणी असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. १००० ते १२०० फेऱ्यांवर चालू ठेवा, बॉनेट उघडा. एकदम बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमध्ये साठलेली उष्णता तिथेच राहते, काटा आणखी वर जातो. पाइप फुटून पाणीच गेलं असेल तर मात्र तत्क्षणी बंद.

झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० च्या वर असूनही पाणीच असतं. झाकण सैल झाल्याबरोबर त्याची वाफ होऊन तोंडावर उडते, आणि दर हंगामात यात कुणाचे ना कुणाचे हात, चेहरा भाजतात. वरचा होज उघड्या हाताने धरून ठेवता येईल इतका गार होईपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास लागतो. मग झाकणावर जाड गोणपाट टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, नंतर काढा. ओढ्याचं गार पाणी गरम इंजिनावर ओतायचं नाही, हेडला तडा जातो. इंजिन मंद चालू करून थोडं थोडं पाणी आत घाला.

आणि परत चढायला लागताना दोन्ही ट्रॉल्या ओढायचा हट्ट करू नका. मागच्या ट्रॉलीची पिन काढण्याआधी तिच्या चारही चाकांना दगड आहेत ना, ते स्वतः वाकून बघा. एक माणूस तिच्याजवळ ठेवा. पुढची ट्रॉली वर डांबरीवर लावून या, ट्रॅक्टर तिथे पाच मिनिटं मोकळा चालू द्या, मग मागचीसाठी खाली उतरा.